रेडिओवरच्या शिडाच्या होड्या: तळ्याकाठची शर्यत आणि क्लबातली माणसं

सोलंटकर

गणपतीच्या धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की बुधवारी सकाळी रेस असते, तेव्हा फोन उचलणार नाही. लगेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) सुरू झाले. एकाने विचारलं घोड्यांची का, दुसऱ्याने तर पैसे किती लावतोस म्हणून. मंडळी, रेस होड्यांची आहे. शिडाच्या, रेडिओवर चालणाऱ्या. तिकडे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. गावात एक उथळ तळं आहे, तिथे आमचा क्लब. माझी होडी ड्रॅगनफोर्स ६५, बोलताना सगळे डीएफ ६५ म्हणतात. लांबी ६५ सेंटिमीटर, प्लॅस्टिकचं हल (होडीचं धड), खाली लांब पात्यासारखी कील आणि कीलच्या टोकाला वजनाचा गोळा. आत रिसीव्हर, बॅटरी आणि दोन सर्व्हो (छोट्या मोटरी). एक सुकाणू फिरवतो, दुसरा शिडांची दोरी ओढतो-सोडतो. बस. पाण्यात फिरणारा पंखा वगैरे काही नाही. वारा पडला की होडी तळ्याच्या मधोमध बसून राहते आणि आपण काठावर. 'आवाज फार होत असेल ना' असं विचारणाऱ्यांना सांगतो, आवाज होतो तो माणसांचाच.

स्टार्टची गंमत बघण्यासारखी असते. दोन बोयांमधली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांमधली) काल्पनिक रेषा ही स्टार्ट लाइन. स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आवाज शेवटचं मिनिट मोजतो, आधी दर दहा सेकंदांनी, शेवटचे दहा सेकंद एकेक करून. होडीला ब्रेक नसतो. रेषेमागे पंधराएक होड्या शिडं फडफडवत जागा अडवून असतात. गो झालं त्या क्षणी नाळ (होडीचं पुढचं टोक) रेषेवर हवी आणि होडी वेगात हवी, दोन्ही एकदम. घाई केलीत तर तुमचा नंबर पुकारतात, मागे येऊन पुन्हा रेषा ओलांडायची. तोवर बाकीचे गेलेले असतात. तळं लहान, त्यामुळे पहिल्या बोयाला जो पुढे तो बहुतेक वेळा शेवटीही पुढेच. निम्मी रेस त्या एका मिनिटातच होऊन जाते.

नियम खऱ्या यॉटचेच. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या रेसिंग रूल्समध्ये रेडिओ होड्यांसाठी 'अपेंडिक्स ई' आहे, त्यात थोडेफार बदल. पण आमच्या साप्ताहिक रेसला पंच नसतो. चूक झाली की स्वतःच बाजूला व्हायचं, होडीची एक पूर्ण गिरकी मारायची (एक टॅक, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून वळणं; एक जाईब, म्हणजे मागचं टोक वाऱ्यातून फिरवून वळणं) आणि मग पुढे. कोणी बघितलं तर तो नंबर घेऊन 'प्रोटेस्ट' असं दोनदा ओरडतो. कोणी नाही ओरडलं, तरी आपल्याला कळलंय ना? मग गिरकी मारायची. आमच्याकडे एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत. मागे एकदा पहिल्या नंबरावर असताना त्यांची होडी शेवटच्या बोयाला निसटती टेकली. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी शांतपणे गिरकी मारली आणि पाच जणांना पुढे जाऊ दिलं. नंतर चहा पिताना त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कौतुक नाही, 'अरेरे' नाही. मला तेच जास्त आवडलं.

आणि हो, चहा. रेसेस दोन तास, चहा दीड तास. माझी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा डोलकाठी किती मागे झुकवायची, जिब (पुढचं शीड) आणि मेन शीड यांच्यामध्ये फट किती ठेवायची, हे सगळं मोजपट्टी लावून मला करून देणारा माणूस तेव्हा क्लबात पहिल्या नंबरावर होता. मी त्याचा प्रतिस्पर्धी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. (तेव्हा नव्हतोच म्हणा.)

इथे आणखी कोणी करतं का हे? भारतात कोणी करून पाहिलंय?

नेमस्त

लेख आवडला. एक भाबडी शंका. साठीच्या पुढची माणसं, हातात रिमोट, तळ्यात खेळण्यातल्या होड्या. याला खेळ म्हणायचं की खेळणं? (ह.घ्या.)

सोलंटकर

@नेमस्त, हलकेच घेतलं. एकदा मार्कवर (वळसा घालायच्या बोयावर) आठ होड्या एकदम येताना बघा, मग बोलू. हाताला काम फारसं नाही, मान्य. दोन बोटं पुरतात. पण वारा फिरला हे आधी कोणाला कळलं, टॅक कधी मारला, कोणाला अडवलं, कोणाला सोडलं, हे सगळं दोन फुटी हलवर होतं की चाळीस फुटी, त्याने डोक्याला काही फरक पडत नाही. उलट इथे होडीवर आपण नसतो. वारा गालाला जाणवत नाही, होडी किती कलंडली ते पायाला कळत नाही. सगळं तीस मीटरवरून डोळ्यांनी ओळखायचं. आमच्याकडे आयुष्यभर मोठ्या बोटी चालवलेले एक काका आले होते. पहिले दोन महिने ते मार्क होडीच्या पुढे आहे की मागे यातच गोंधळत. काठावरून ते अंतर खरंच कळत नाही.

सायली_एसएफ

अरे वा, माझा विषय! मी रेस करत नाही, नवरा करतो. मी फोटो काढते आणि स्कोअर लिहिते.

आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पार्कमध्ये स्प्रेकल्स लेक आहे. मॉडेल होड्यांसाठी म्हणूनच बांधलेलं तळं, १९०४ च्या सुमाराचं. क्लब त्याहून जुना, १८९८ चा. सोलंटकर, तुमच्याकडेही ही परंपरा जुनीच आहे ना? ब्रिटनची मॉडेल यॉटिंग असोसिएशन १९११ ची असं आमचे लोक सांगतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते रेडिओच्या आधीचं. तेव्हा होडी सोडून द्यायची आणि काठाकाठाने तिच्यामागे पळायचं! डेकवर मागच्या बाजूला वाऱ्यावर फिरणारी एक पातळ पट्टी असायची, व्हेन म्हणतात, ती सुकाणूला जोडलेली. वाऱ्याशी जो कोन लावून दिला तो होडी आपोआप धरायची. काठाशी आली की काठीने ढकलून दुसऱ्या टॅकवर पाठवायची. म्हणून अशा तळ्यांना चारी बाजूंनी सपाट, धावता येईल असा काठ लागायचा. आमच्या क्लबात काही जुनी मंडळी अजून व्हेनच्या होड्या जपून आहेत. ऐंशीच्या घरातला माणूस काठी घेऊन होडीमागे लगबगीने जाताना बघितला की नेमस्त यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

वेसावकर

मी वेसाव्याचा. आजोबा शिडावर मासेमारी करायचे, माझ्या जन्मापर्यंत सगळीकडे इंजिनं आली. तरी एक गोष्ट घरातून मिळाली ती सांगतो. होडीकडे बघू नका, पाण्याकडे बघा. पाणी जिथे काळपट आणि बारीक सुरकुतल्यासारखं दिसतं तिथे वारा उतरलाय. तो डाग कुठे सरकतोय ते बघून होडी तिकडे घाला. दर्यात जे चालतं ते तुमच्या डबक्यात पण चालेल.

सोलंटकर

@वेसावकर, डबकं म्हणालात तरी माफ, कारण बाकी शंभर टक्के खरं आहे. आमच्या होड्यांचं शीड पाण्यापासून मीटरभराहून फारसं उंच नसतं, आणि तेवढ्या खाली वारा वरच्यापेक्षा खूपच मंद. झेंडा फडफडतोय म्हणून आनंदाने होडी उतरवावी तर पाण्यावर काहीच नाही. त्यात काठावर झाडं असली की त्यांच्या आडोशात होडी गपकन थांबते आणि शेजारची चार हात पलीकडून निघून जाते. तुम्ही इकडे आलात तर आमच्या निम्म्या क्लबाला पाणी पाजाल.

एरंडवणेकर

धागा एका बैठकीत वाचून काढला. मी पुण्यात, एरोमॉडेलिंगवाला. ड्रोनच्या नियमांनंतर उडवण्याचा उत्साह जरा कमी झालाय, त्यामुळे हे खुणावतंय. प्रश्न असे. एक, पहिली होडी कुठली? यूट्यूबवर सगळे आयओएमचं कौतुक करतात. दोन, रेडिओ बाहेरून मागवला की अडकतो, माझा एक सेट कुरियरवाल्यांकडे कितीतरी दिवस कागदपत्रांसाठी पडून होता, त्यावर उपाय? तीन, पुण्यात तळं कुठलं?

तांत्रिक_गोंधळ

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. होडी रेडिओशिवाय मागवा. बहुतेक किट तशी मिळतात. ट्रान्समीटर-रिसीव्हर भारतात जो अधिकृतपणे विकत मिळतो तो घ्या. दोनच चॅनल लागतात, विमानाचा जुना सेट पडून असेल तर तोही चालेल. २.४ गिगाहर्ट्झच्या सेटला वापरण्यासाठी वेगळा परवाना नाही, अडचण फक्त आयातीच्या कागदांची.

पूर्वी हे प्रकरण किचकट होतं. २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल असायचे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी सेट चालू केला की दोन्ही होड्या वाऱ्यावर, म्हणजे अक्षरशः. म्हणून क्लबात एक फळी असायची, तिच्यावर फ्रिक्वेन्सीचे चिमटे. चिमटा हातात असल्याशिवाय सेट चालू करायचा नाही. २.४ आल्यावर हे सगळं गेलं.

एक मात्र लक्षात ठेवा, २.४ चं पाण्याशी वाकडं आहे. पाण्याखाली रेंज मिळतच नाही म्हणा. रिसीव्हरची ॲंटेना हलमध्ये जितकी वर डेकलगत बसवता येईल तितकी बसवा.

सोलंटकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: तुमच्या तळ्यावर बाकीच्यांकडे जी असेल ती. कोणाकडेच नसेल तर सगळ्यांनी मिळून एकच ठरवा आणि मगच पैसे काढा. हे मी ठळक अक्षरात लिहिणार होतो.

आयओएम म्हणजे इंटरनॅशनल वन मीटर. १९८८ मध्ये हा क्लास (होडीचा ठरावीक प्रकार) सुरू झाला. लांबी जास्तीत जास्त एक मीटर, वजन किमान चार किलो, पाण्याखाली ४२ सेंटिमीटरपर्यंत. वाऱ्याच्या जोराप्रमाणे तीन रिग (डोलकाठी-शिडांचे संच), एक उतरवून दुसरी चढवायची. चालताना इतकी देखणी दिसते की विचारू नका. पण या चौकटीत हलचा आकार कोणीही आपला आपण काढू शकतो. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी नवा आकार, नवी किंमत, आणि हरलं की 'त्याची होडी नवी आहे' हे कारण हाताशी. एका नव्या चांगल्या आयओएमच्या पैशात डीएफ ६५ अर्धा डझन तरी येतात.

डीएफ ६५ ला हल, कील, सुकाणू सगळ्यांचं एकाच साच्यातलं. हरलात तर तुम्ही हरलात. नवा क्लब उभा करताना याचा फायदा फार मोठा. कोणाकडे काय आहे यावर भांडण नाही, सुटे भाग एकमेकांना देता येतात, आणि आजचा नवखा कालच्या विजेत्याच्या होडीवरून मोजमाप घेऊन आपली होडी तशीच लावू शकतो. जगात कुठेतरी आयओएमच्या चॅम्पियनशिप चालू आहेत हे यूट्यूबवर बघायला ठीक. पुण्यात चार जण चार क्लास घेऊन आले तर रेस होणार नाही, प्रदर्शन होईल.

थोडी मोठी हवी असेल तर डीएफ ९५ आहे, जरा जास्त वारा झेलते. पण गाडीच्या मागच्या सीटवर रिगसकट आडवी मावते ती ६५ च, आणि हा मुद्दा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

मृण्मयी_के

मी मिडलँड्सकडे. सोलंटकरांनी चहाचा उल्लेख केला म्हणून लिहितेय.

माझे सासरे, अण्णा, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले होते. पहिले पंधरा दिवस नातवंडांत गेले, मग कंटाळा. इथे कोणाशी बोलणार? टीव्ही कळत नाही, आम्ही दोघं कामावर. घरामागे पार्कातल्या तळ्यावर शनिवारी या होड्या येतात. अण्णा तिथे जाऊन बाकावर बसू लागले. एक दिवस कोणीतरी त्यांच्या हातात क्लिपबोर्ड दिला. फिनिशला होड्या कुठल्या क्रमाने आल्या ते नोंदवणारा माणूस हवा होता, कारण प्रत्येकालाच होडी चालवायची असते आणि लिहायला कोणीच तयार नसतं.

अण्णा आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर एकदम पाच गाड्या घुसल्या तरी क्रम चुकायचा नाही. शिडावर दोन आकडी नंबर, होड्या घोळक्याने येतात, एकमेकींच्या आड जातात, आणि अण्णा चष्मा कपाळावर ढकलून खाडखाड नंबर पुकारतात. इंग्रजी यथातथाच, पण आकडे पक्के. त्यांच्या नोंदीवर एकदाही कोणी हरकत घेतली नाही. एकदा दोघांत वाद झाला तेव्हा सेक्रेटरीबाई म्हणाल्या, 'आस्क अन्ना.' त्या दिवशी घरी आल्यावर हे वाक्य आम्हाला जेवताना तीनदा ऐकवलं गेलं.

आता ते नाशिकला आहेत. क्लबाचे निकाल दर आठवड्याला ईमेलने मागवतात आणि मला फोन करून सांगतात की हल्ली लिहिणारा माणूस ढिला आहे, मागच्या रेसमध्ये एकच नंबर दोनदा आलाय.

टवाळ

अण्णांना साष्टांग नमस्कार. 'आस्क अन्ना' चा टीशर्ट छापा.

नेमस्त

+१. माझी शंका मागे घेतो.

शीड_उतरवलेला

इथे सगळं फारच गुलाबी चाललंय म्हणून दुसरी बाजू. मी युरोपात एका क्लबात वर्षभर होतो आणि सोडला. कारण आरडाओरडा. नवखा माणूस वाटेत आला की जुने लोक 'स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!' (वारा माझ्या उजवीकडून, वाट माझी) असे अंगावर येतात की बोटं थिजतात. प्रोटेस्ट म्हणून ओरडायचं आणि नियम विचारला की 'वाच' म्हणायचं. कमिटीला सांगून पाहिलं, 'तो तसाच आहे, मनावर घेऊ नको' असं उत्तर आलं. पंच नसणं हे प्रामाणिक लोकांत छान असतं. एक दांडगा निघाला की तोच पंच.

सोलंटकर

@शीड_उतरवलेला, हे खोटं नाही. सगळे स्पर्धक एकाच काठावर खांद्याला खांदा लावून उभे असतात, हा या खेळाचा विचित्रपणा आहे. मोठ्या यॉटवर ज्याच्याशी भांडण झालं तो निदान पाण्यापलीकडे असतो. आमच्याकडेही असा एक नमुना होता. शेवटी एवढंच ठरलं की रेस चालू असताना फक्त नंबर आणि 'प्रोटेस्ट', बाकी जे काय बोलायचं ते रेस संपल्यावर, आणि तेही पेन-कागद घेऊन होड्या काढून दाखवत. कागदावर काढायला लागलं की निम्म्या लोकांचा राग तिथेच विरतो, कारण आपलीच होडी कुठे होती ते नक्की काढता येत नाही.

तुमच्या बाबतीत कमिटीने हात झटकले हे चूकच. नव्या माणसाला पहिले काही आठवडे रेसच्या अधेमधे कोणीतरी बाजूला उभं राहून नियम सांगायला हवा. ते काम सगळ्यात अनुभवी माणसाला द्यावं, म्हणजे त्याचा तोंडाचा पट्टाही कामाला लागतो.

सायली_एसएफ

भांडणं बहुतेक वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या मार्कवरच होतात ना? नवऱ्याचं आणि त्याच्या जिवलग मित्राचं दर महिन्याला एकदा होतंच. प्रसंग ठरलेला. एक जण मार्कजवळ पोर्टवर (वारा डावीकडून) येतो, झोनमध्ये (मार्कभोवतीच्या ठरलेल्या टापूत) शिरून स्टारबोर्डला टॅक मारतो. दुसरा आधीपासून स्टारबोर्डवर येत असतो, त्याला धडक टाळायला वर वाऱ्याकडे चढावं लागतं. प्रोटेस्ट!

सोलंटकर

मार्क डाव्या हाताला ठेवून जायचा असेल तर टॅक मारणारा चुकला. झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवर असलेल्या होडीला क्लोज-हॉल्डच्या (वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळच्या दिशेच्या) वर चढायला लावायचं नाही, असा नियम १८.३ आहे. भांडण नियमाचं नसतंच, ते झोनचं असतं. रेडिओ होड्यांना झोन चार होडी-लांबींचा, मोठ्या बोटींना तीन. डीएफ ६५ ला चार लांब्या म्हणजे २.६ मीटर. आता तीस मीटरवरून, ऊन पाण्यावर चमकत असताना, टॅक २.४ वर झाला की २.८ वर, हे छातीठोकपणे कोण सांगणार? तरी सगळे सांगतात.

तुमच्या यजमानांना म्हणावं पोर्टवरून येऊच नका तिथे. घोळका असला की दूरवरूनच स्टारबोर्डची वाट धरायची. दोन-तीन नंबर जातात, मित्र राहतो.

सायली_एसएफ

वाचून दाखवलं. 'मी नाही, तोच पोर्टवर होता' असं उत्तर आलंय.

वेसावकर

पुण्याच्या तळ्याचं राहिलंच. एनडीएची पोरं खडकवासल्याला पीकॉक बेवर शिडाच्या होड्या चालवतात, म्हणजे वारा आहे. पण ती जागा त्यांची. तुम्हाला दुसरी शोधावी लागेल.

एरंडवणेकर

हो, तिथे बाहेरच्याला प्रवेश नाही. पाषाण तलाव घराजवळ, पण जलपर्णी. मुंबईत पवईचीही तीच कथा. आमच्या नगरसेवकांनी काढली, परत आली, परत काढली, परत आली. कीलवाली होडी त्यात कशी जाणार?

सोलंटकर

जाणारच नाही. कील म्हणजे शेवाळ गोळा करायचं आयतं हत्यारच. इथेही उन्हाळ्यात तळ्यात गवत माजतं. मग एक बुधवार रेस नाही, सगळे वेडर (पाण्यात उतरायचे रबरी कपडे) घालून पाण्यात, दंताळ्याने गवत ओढायचं काम. क्लबाची वर्गणी नावापुरती असते, खरी वर्गणी ही. शेवाळाची एक लांब दोरी जरी कीलला अडकली तरी होडी दारू प्यायल्यासारखी चालते. सुकाणूने हळूहळू वळवून, कधी जागच्या जागी उलटं सरकवून ती सोडवायची. झाडीत अडकली तर मग संपलंच.

तेव्हा जलपर्णीवालं तळं विसरा. गुडघ्याच्या वर पाणी, एक काठ मोकळा, आणि वाऱ्याच्या बाजूला इमारती नकोत, एवढं बघा. एखाद्या कॉलेजचं, कंपनीचं किंवा रिसॉर्टचं शेततळं चालेल. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं असेल तर काठावर घसरण असते, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. परवानगी लेखी घ्या.

एरंडवणेकर

शेततळं! हे डोक्यातच आलं नव्हतं. मुळशीकडे मित्राचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी पश्चिमेचा वारा तिथे नियमित असतो, विमानं उडवताना त्यानेच छळलंय. तिघे तयार आहेत, तिघेही डीएफ ६५ वरच राजी. चौथा आयओएम म्हणतोय, त्याला हा धागा पाठवलाय.

होडी अडकली किंवा वारा पडून मधे राहिली तर आणायची कशी? आमच्यात पोहणारा कोणी नाही.

सोलंटकर

चौथ्याला पहिल्या दिवशी क्लिपबोर्ड द्या.

होडी आणायला कोणीही पाण्यात उतरायचं नाही, शेततळ्यात तर अजिबातच नाही. गळाची लांब दोरी आणि टेनिस बॉल ठेवा. बॉलला भोक पाडून दोरी ओवायची, टोकाला मोठी गाठ, म्हणजे निसटत नाही. होडीच्या पलीकडे फेकायचा, आणि काठाने चालत दोरी डोलकाठीभोवती किंवा शिडांना अडेल अशी आणायची. मग सावकाश ओढायचं. झटका दिला तर वरची रिग हातात येईल. आणि होडी उतरवण्याआधी डेकवरच्या झाकणाला चिकटपट्टी लावा, दर दोन-तीन रेसेसनंतर आत पाणी आलंय का ते स्पंज घालून बघा. इलेक्ट्रॉनिक्स जातं ते धडकेने नाही, या थेंब थेंब पाण्याने.

एरंडवणेकर

नोंद केली. गळाची दोरी उद्या मंडईजवळून आणतो. बॉल पोराच्या क्रिकेट किटमधून ढापावा लागेल.